मोहिनीच्या प्रचाराचा नारळ

बापूराव हिवरकरांची मोहिनी अमेरिकेत निवडणुकीला उभी आहे, हे बापूरावांनी अल्लीपुरात कोणालाच सांगितलं नव्हतं. तरी आठ दिवसांत ते सगळ्या गावाला माहीत झालं, कारण ते रामाजीला माहीत झालं.

रामाजी गावचा माजी सरपंच. दोनदा निवडून आला, तिसऱ्यांदा पडला. तेव्हापासून त्याच्याकडे भरपूर वेळ होता आणि एक मोठा मोबाइल होता. त्या मोबाइलवर त्याला मोहिनीचा फोटो दिसला. मागे हिरवं गवत, गवतात खोवलेली पाटी आणि पाटीवर इंग्रजीत हिवरकर. अंकुशशी लग्न झाल्यावरही मोहिनीनं आडनाव बदललं नव्हतं. तो थेट बापूरावांच्या वावरात आला.

"बापूभाऊ, पोरगी तिकडं आमदारकीले उभी हाये अन् तुमी इथी कापसातलं गवत उपटून राह्यले?"

"आमदारकी नाई रे. शाळेची कमिटी हाये ते."

"शाळेच्या कमिटीले कोणी पाट्या लावते का? आपल्या शाळा समितीत चहाले बी कोणी येत नाई."

बापूरावांनी मोहिनीकडून जेवढं समजलं होतं तेवढं सांगितलं. ती राहते ते ओहायोतलं एक लहान गाव आहे. तिथं सगळ्या शाळांचा कारभार एक मंडळ पाहतं आणि त्या मंडळावर कोण बसणार ते लोक मतं देऊन ठरवतात. जागा तीन, उमेदवार पाच. मोहिनी तिथं औषधाच्या दुकानात काम करते. गावातले निम्मे लोक तिच्याच हातून गोळ्या घेतात, म्हणून तिला लोकांनी उभं केलं.

"मग नारळ कधी फोडता?" रामाजीनं विचारलं.

"कायचा नारळ?"

"प्रचाराचा! मारुतीपुढं नारळ फोडल्याबगर कोण्या माणसानं या गावातून प्रचार केला, सांगा मले. मी पडलो तवा बी फोडला होता."

"ते गाव वेगळं, हे वेगळं. अन् वर्ष झालं नाई अजून." बापूरावांनी मान खाली घातली.

कौशल्याबाईंना जाऊन नऊ महिने झाले होते. वर्षाच्या आत घरात शुभकाम करायचं नाही, हे कारण रामाजीला पुरेसं होतं. खरं कारण बापूरावांनी कोणाला सांगितलं नव्हतं. कौशल्याबाई आजारी होत्या तेव्हा त्यांनी अकरा शनिवार उपास धरले, मारुतीला तेल घातलं, रुईच्या पानांची माळ घातली. सेवाग्रामच्या दवाखान्यातून गावात यायचं, तेल घालायचं आणि दुपारच्या गाडीनं परत जायचं. बाराव्या शनिवारी कौशल्याबाई गेल्या. तेरवी झाली, पाहुणे गेले, मोहिनी अमेरिकेला परत गेली. दुसऱ्या दिवशी बापूरावांनी देवघरातले सगळे देव कौशल्याबाईंच्या जुन्या लुगड्यात गुंडाळले आणि धान्याच्या कोठीमागे ठेवून दिले. मारुतीच्या देवळाची पायरी त्यानंतर ते चढले नाहीत. मोहिनीचा व्हिडिओ कॉल आला की ते फोन रिकाम्या देव्हाऱ्याकडे पाठ करून धरत. तिला काही दिसत नव्हतं आणि तिनं काही विचारलं नव्हतं.

रामाजी दोन दिवसांनी पुन्हा आला. या वेळी त्यानं वाद घातला नाही. ओट्यावर बसला, पाणी प्याला आणि म्हणाला, "बापूभाऊ, एक सांगू? वहिनी असत्या तर त्याईनं तुमाले न इचारताच नारळ आणला असता."

कौशल्याबाईंनी नक्की आणला असता. मोहिनीच्या दहावीला, बारावीला, नागपूरच्या कॉलेजात नंबर लागला तेव्हा, अमेरिकेचा व्हिसा लागला तेव्हा, प्रत्येक वेळी त्यांनीच आणला होता. बापूराव फक्त फोडायचे.

"फोडतो मी," ते म्हणाले. "पण बाहेरच्या बाहेर. आत येणार नाई."

"बाहेर तर बाहेर. मारुतीले का दूरचं दिसत नाई?"

शनिवारी सकाळी बापूराव देवळाशी गेले तर तिथं पन्नास माणसं उभी होती. एक ढोलवाला होता. आणि बसस्टँडच्या खांबाला बांधला होता दहा फुटी फ्लेक्स. एका बाजूला मारुती, एका बाजूला मोहिनी, मध्ये पांढरा मोठा वाडा, त्याच्यावर अमेरिकेचा झेंडा. खाली लिहिलं होतं, 'अल्लीपूरची लेक, अमेरिकेची शान'. त्याच्याही खाली 'शुभेच्छुक' म्हणून रामाजीचा फोटो होता, मोहिनीच्या फोटोपेक्षा थोडाच लहान.

"हे काय करून ठेवलं रे?" बापूराव म्हणाले.

"काही नाई, साधंच ठेवलं. गर्दी नको म्हणून शुभेच्छुकात फक्त माहाच फोटो टाकला."

बापूराव पायरीखाली उभे राहिले. चपला काढल्या. नारळ दगडावर आपटला, एका दणक्यात फुटला. पाणी पायावर उडालं. बायांनी "फुटला, फुटला" म्हटलं, ढोल वाजला. विमलाबाई नावाच्या शेजारच्या म्हातारीनं त्यांच्या कपाळाला गुलाल लावला आणि तिचे डोळे भरून आले. बापूरावांनाही एक क्षण बरं वाटलं. आपण मोहिनीच्या माईचं एक काम केलं, असं वाटलं. आतल्या मूर्तीकडे त्यांनी पाहिलं नाही.

तेवढ्यावर ते संपलं असतं. पण रामाजीच्या हातात माईक आला, आणि माईक हातात आला की रामाजी गेल्या तिन्ही निवडणुकांत जसा बोलला तसाच बोलला.

"माह्या बंधू-भगिनींनो! आज अल्लीपूरची पोट्टी अमेरिकेच्या शाळा ताब्यात घेऊन राह्यली! मी तुमाले शब्द देतो, मोहिनीताई निवडून आल्या का तिथल्या हरएक शाळेत दर शनिवारी मारुतीची आरती सुरू होईन! गोऱ्याईचे लेकरं टाळ्या वाजवतीन!"

लोक हसले, टाळ्या पडल्या. रामाजीनं मागच्या निवडणुकीत गावात विमानतळाचाही शब्द दिला होता. त्याच्या शब्दाचं काय करायचं हे अल्लीपुरात सगळ्यांना ठाऊक होतं. पण भाषण मोबाइलमध्ये उतरलं आणि रामाजीनं ते मोहिनीच्या फेसबुकच्या पानावर टाकून दिलं.

बुधवारी सकाळी मोहिनीचा फोन आला. ती एरवी फक्त रविवारी करायची.

"बाबा, देवळापाशी काय केलं तुमी?"

"नारळ फोडला. तुया प्रचाराचा. काऊन, काय झालं?"

मोहिनीनं हळूहळू सगळं सांगितलं. तिच्या गावात सध्या एकच भांडण पेटलं होतं. शाळेच्या वेळात आठवड्यातून एक तास मुलांना बायबल शिकायला चर्चमध्ये नेऊ द्यायचं की नाही. मोहिनीचं म्हणणं होतं की ज्यांना न्यायचं त्यांनी शाळा सुटल्यावर न्यावं, गणिताचा तास बुडवू नये. दुसऱ्या एका उमेदवार बाईचं म्हणणं होतं की नेऊ द्यावं. आतापर्यंत सगळं सभ्यपणे चाललं होतं. पण त्या बाईच्या माणसांना रामाजीचा व्हिडिओ सापडला. कोणीतरी यंत्रानं त्याचं इंग्रजी केलं. आता घरोघरच्या फोनवर तो फिरत होता. ही बाई आपल्या पोरांचं बायबल बंद करणार आणि माकडाच्या देवाची आरती सुरू करणार, अशा शब्दांत.

बापूराव खाटेवर बसले. "अवो, तो रामाजी हाये. त्याच्या बोलण्याले कोण मनावर घेते?"

"इथल्या लोकाईले रामाजी माहीत नाई ना, बाबा."

"मग तू सांग त्याईले."

"सांगतलं. पण इथं त्यानं भागत नाई. इथं प्रचाराच्या कागदावर प्रत्येकाचं घरदार असते. नवरा, लेकरं, कुत्रा अन् चर्च. कोण्या चर्चमध्ये जाता ते लिहितात. सभेत शेवटी देव तुमचं भलं करो म्हणतात, तवा टाळ्या पडतात."

"अन् तुया कागदावर काय हाये?"

"अंकुश, लेक अन् कुत्रा."

"चर्चच्या जागी?"

"तिथं डेब्रानं लिहिलं, प्रार्थनेच्या घरात वाढलेली." डेब्रा म्हणजे तिचा प्रचार पाहणारी रिटायर झालेली मास्तरीण. "मलेही ते बरं वाटलं. खोटं बी नव्हतं. माय रोज करेच ना."

"करे."

"आता डेब्रा म्हणते, पुढच्या गुरुवारी चर्चच्या हॉलमध्ये सगळ्या उमेदवाराईची सभा हाये. त्याच्या आधी तुमचा एक व्हिडिओ पाहिजे. दोनच ओळी. मी पाठवतो लिहून. तुमी नुसतं वाचजा."

मोहिनी वऱ्हाडीतच बोलत होती, पण मध्येच आवाज पातळ झाला होता. लहानपणी गुण कमी पडले की असाच व्हायचा. "बाबा, मले हे पाहिजे हाये. दोन वर्षं झाले मी या शाळेसाठी काम करून राह्यली. नारळामुळं पडली तर..."

दुपारी ओळी आल्या. 'मी एक साधा, देवभक्त शेतकरी आहे. आमच्या घरात रोज प्रार्थना होते. नारळ फोडणे ही फक्त आमच्या गावची जुनी रीत आहे, तिचा धर्माशी संबंध नाही. देव सर्वांचा एकच आहे आणि तो माझ्या मुलीला मार्ग दाखवो.'

बापूरावांनी त्या ओळी चष्मा लावून चार वेळा वाचल्या. फोन पाण्याच्या माठाला टेकवला, स्वतःकडे वळवला, बटण दाबलं.

"मी एक साधा, देवभक्त..." आणि ते थांबले.

पुन्हा दाबलं. पुन्हा तिथंच थांबले. तिसऱ्यांदा 'आमच्या घरात रोज प्रार्थना होते' इथपर्यंत गेले आणि त्यांची नजर फोनवरून घसरून रिकाम्या देव्हाऱ्यावर गेली. देव्हाऱ्यात आता बियाण्याच्या पिशव्या होत्या.

चार दिवस ते रोज एकदा करून पाहत आणि पुसून टाकत. मोहिनीचे निरोप येत होते. 'झालं का बाबा?' 'आवाज नीट नसला तरी चालन.' दिवाळी आली. वर्ष न झाल्यामुळे घरात दिवे नव्हते. विमलाबाईनं शेव आणि चकल्यांचं ताट आणून दिलं, ते तसंच झाकून राहिलं.

शेवटी सोमवारी त्यांनी स्वतः फोन लावला.

"मोहिनी, मले हे वाचता नाई येत."

"चष्मा..."

"चष्म्याचं नाई. हे खरं नाई, म्हणून."

"बाबा, नारळ धर्माचा हाये ते मले बी माहीत हाये. पण इथं समजावून सांगाले वेळ नाई..."

"नारळाचं नाई म्हणून राह्यलो मी. पहिली ओळ. देवभक्त. मी देवापाशी जात नाई."

"कवापासून?"

"तुई माय गेली तवापासून."

"मले काऊन नाई सांगतलं?"

"तू काऊन नाई इचारलं?"

हे बोलायला नको होतं, असं बापूरावांना लगेच वाटलं. पण बोलून झालं होतं. मोहिनी रागावली. म्हणाली, "मी इथं एकटी लढून राह्यली. लोक दुकानात येऊन गोळ्या घेतात अन् माह्याकडे पाहत नाईत. लेकीले शाळेत पोट्टे माकड म्हणतात. अन् तुमाले दोन ओळी जड होऊन राह्यल्या. माय असती तर तिनं माह्यासाठी काहीही वाचलं असतं."

"तिनं वाचलं असतं. तिचं खरं असतं."

फोन बंद झाला.

पोरीचं चुकत नव्हतं. तिनं मागितलं ते लहान होतं, आणि तिच्यावर आलेलं संकट त्यांच्याच हातानं आलं होतं. दोन ओळी म्हटल्यानं कोणाचं काही बिघडणार नव्हतं. गावात माणसं मारुतीची शपथ घेऊन याला मत देतो म्हणत आणि त्याला देत, आणि सुखानं जेवत. पण बापूरावांनी जे अकरा शनिवार धरले होते ते खरेपणानं धरले होते. देवाशी जे काही उरलं होतं ते एवढंच होतं, की त्याच्याशी ते आजपर्यंत खोटं बोलले नव्हते. भांडले होते. खोटं बोलले नव्हते.

मंगळवारी सकाळी ते रामाजीच्या घरी गेले. रामाजीला सगळा प्रकार कळला होता. फ्लेक्स त्यानं स्वतः खांबावर चढून काढला होता. आठ दिवस त्याच्या तोंडाला चव नव्हती.

"बापूभाऊ, मी माफी मागतो. इंग्रजीत मागतो. सॉरी अमेरिका म्हणतो अन् हात जोडतो. चालन का?"

"तू काही बोलू नको. फक्त फोन धर. माह्यानं एकट्यानं होत नाई."

वावरात जाऊन ते धुऱ्यावर, बांधावरच्या गवतात बसले. कापूस फुटायला लागला होता. रामाजीनं फोन दोन्ही हातांनी धरला. बापूराव बोलले ते असं.

"मी मोहिनीचा बाप. नारळ म्याच फोडला. आमच्याकडे निवडणुकीले उभा राह्यलेला माणूस मारुतीपुढं नारळ फोडते. जितणारा बी फोडते, पडणारा बी फोडते. शाळेत आरती लावू असं जे म्हटलं, ते या रामाजीनं म्हटलं. त्याले कोणी इचारलं नव्हतं. माही पोरगी तसं काही करणार नाई. तिच्या कागदावर लिहिलं हाये का ते प्रार्थनेच्या घरात वाढली. ते खरं हाये. तिची माय रोज करे. मी करत नाई. जानेवारीत तिची माय गेली. म्या देवाले लय मागतलं, त्यानं ऐकलं नाई. तवापासून मी देवळात पाय ठेवला नाई. घरचे देव बी बांधून ठेवले. नारळ म्या तिच्या माईच्या जागी फोडला, पायरीखाली उभा राहून. तिच्याकडून ते काम राहून गेलं असतं म्हणून. आता हे आयकून तुमाले वाटलं का ज्या पोरीचा बाप असा हाये तिले मत देऊ नये, तर नका देऊ. पण तिच्याबद्दल मले खोटं बोलता आलं असतं, देवाबद्दल नाई आलं. एवढंच."

रामाजी आयुष्यात पहिल्यांदा कोणाच्या बोलण्यात मध्ये बोलला नाही. फोन खाली करून म्हणाला, "देव बांधून ठेवले तुमी? खरंच?"

"हाव."

"मी तुमाले त्याच्याच पुढं उभं केलं. ढोल लावून." रामाजीनं धुऱ्यावरचं एक गवत उपटलं, मग दुसरं उपटलं. "मले एक शब्द तर सांगायचा ना, भाऊ."

व्हिडिओ गेला. मोहिनीनं पाहिल्याची खूण आली. उत्तर आलं नाही. बुधवार गेला, गुरुवार गेला. बापूरावांनी मजूर लावून कापसाची पहिली वेचणी सुरू केली आणि फोन खिशात ठेवून दिवसभर त्यांच्यामागे फिरले. आपण पोरीचं नुकसान केलं, हे त्यांनी मनात धरून टाकलं होतं. फक्त किती, ते कळायचं होतं.

शुक्रवारी सकाळी सहाला फोन वाजला. मोहिनी गाडीत बसलेली होती. मागे दिव्यांनी उजळलेली विटांची इमारत दिसत होती.

"सभा झाली, बाबा."

"काय झालं?"

"डेब्रा म्हणे, दाखवू नको. म्हणे, देव नसलेल्यापेक्षा दुसरा देव असलेला परवडला. इथं दुसरा देव लोक कसातरी पचवतात. देवावर रुसलेला बाप त्याईले कसा सांगशीन?"

"मग?"

"मग मी बी नाईच म्हटलं होतं. पण तिथं एकानं उभं राहून इचारलं का तुम्ही प्रार्थना करता का. माह्याआधी चौघं हो म्हणून बसले होते. मी म्हटलं, करतो कधी कधी. दुकानात. एखाद्याची चिठ्ठी हातात आली का औषधं पाहूनच मले कळते का याचं आता अवघड हाये. त्याले माहीत नसते, मले माहीत असते. तवा करतो. मायची चिठ्ठी अंकुशच्या फोनवर आलती, तवा बी मले कळलं होतं."

हे बापूरावांना माहीत नव्हतं.

"अन् मग मले पुढं बोलताच आलं नाई. म्हणून म्हटलं, बाकी माहे बाबा सांगतीन. लावून टाकला तुमचा व्हिडिओ. अंकुशनं खाली इंग्रजी टाकलंच होतं."

"लोक काय म्हणाले?"

"एकानं इचारलं का तुमचा बाप नास्तिक हाये का. तर त्या चर्चचे पाद्रीच उठले अन् म्हणाले, नाई, असे लोक आमच्या बायबलमध्ये बी लय हायेत. मग वॉल्टर म्हणून एक म्हातारा उठला. मक्याची शेती करतो, बीपीची गोळी माह्याकडून नेतो. म्हणाला, बायको गेली त्याले चार वर्षं झाले. मी दर रविवारी इथं येतो अन् ओठ नुसते हलवतो. त्याची पोरगी बाजूले बसली होती, बाबा. तिले माहीत नव्हतं. ते त्याच्याकडे पाहतच राह्यली."

मोहिनी रडत होती की हसत होती ते गाडीतल्या अंधारामुळे नीट कळत नव्हतं.

"म्हणजे तू जितशीन?" बापूरावांनी विचारलं.

"काय माहीत. टाळ्या त्या दुसऱ्या बाईले जास्त पडल्या."

मतदानानंतर बुधवारी सकाळी आठ वाजता निकाल आला. बापूराव चुलीपुढं होते. मोहिनी चौथी आली. तिसऱ्या जागेला एक्केचाळीस मतं कमी पडली.

"माह्यामुळं," बापूराव म्हणाले.

"काय माहीत, बाबा. डेब्रा म्हणते, व्हिडिओ नसता लावला तर शंभरनं पडली असती. तिची बहीण म्हणते, नसता लावला तर आली असती. कोणी मोजाले जात नाई." तिचा आवाज बसलेला होता, पण पातळ नव्हता. "वॉल्टरनं मले मत नाई देल्लं. आज दुकानात येऊन तोंडावर सांगतलं. म्हणे, बायबलच्या तासाबद्दल तुमचं मले पटत नाई."

"सरळ माणूस हाये."

"तुमच्यासाठी निरोप देल्ला त्यानं. म्हणे, बापाले इचार, सैपाक कोण करते."

बापूरावांना हसू आलं. तव्यावरची भाकर तोपर्यंत एका बाजूनं करपली होती. त्यांनी ती उलटली. "त्याले सांगजो, मीच करतो. वरण जमते. भाकर अजून तिच्यावानी फुगत नाई."

"बाबा," मोहिनी म्हणाली, "मी तिसऱ्या दिवशी आली. सगळं होऊन गेलतं. पाहुण्याईत तुमी काही बोलले नाई, मी बी इचारलं नाई. शेवटच्या दिवशी काय झालं ते मले सांगा ना."

बापूरावांनी चुलीतलं लाकूड मागं ओढलं. फोन हातात घेऊन ते ओट्यावर आले आणि भिंतीला टेकून बसले. कुठून सुरू करावं ते त्यांना कळेना. दहा महिन्यांत हे त्यांनी कोणालाच सांगितलं नव्हतं आणि त्यांनाही कोणी विचारलं नव्हतं.

"सकाळी ते चांगली होती," ते म्हणाले. "नर्सले म्हणे, मले आंबाडीची भाजी पाहिजे. नर्स म्हणे, मावशी, दवाखान्यात आंबाडी कोठून आणू? तर तुई माय म्हणे, बाजारातून. अन् मले म्हणे, जा, उभे काय राह्यले..."